पोटॅशियम सात

लॅबमध्ये रात्रपाळीत एखाद्या रुग्णाचं पोटॅशियम 7.1 आलं की नुसता रिपोर्ट छापून भागत नाही, वॉर्डात फोन करावाच लागतो. एवढ्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. अशा जीवघेण्या आकड्यांची कल्पना अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी 1972 मध्ये मांडली. फोन उचलणाऱ्या सिस्टरना मी विनंती करते, नाव, बेड नंबर आणि आकडा मला परत म्हणून दाखवा. काहींना तो अविश्वास वाटतो. तसं नाही हो. वॉर्डातल्या गोंगाटात ‘सतरा’चं ‘सत्तर’ होतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती वॉर्डातून न आलेल्या फोनची. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतलं, तर त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे पोटॅशियम खोटंच चढतं आणि कॅल्शियम घसरतं. आकडा बघून आम्हाला शंका येते, खात्री होत नाही. खरं काय घडलं ते रक्त काढणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि ओरडा बसेल म्हणून तो गप्प राहतो. ही भीती मला कुठल्याही बिघडलेल्या मशीनपेक्षा धोकादायक वाटते.

सिस्टर, नळी बदलली असेल तर निःसंकोच सांगा. आम्ही फक्त नवा नमुना मागू, कोणी चुकलं ते विचारणार नाही.