डेल वेब आणि गौरवग्रंथाची प्रकरणे

चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना एका गोष्टीचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. संत, कवी, समाजसुधारक आणि राजकारणी यांच्या चरित्रांची आपल्याकडे वाण नाही. मात्र ज्याने आपली घरे, रस्ते, शाळा बांधल्या त्या कंत्राटदाराचे चरित्र हाती लागणे कठीण. कंत्राटदार आपल्याला भेटतो तो गौरवग्रंथात. जाड कागद, रंगीत छायाचित्रे, मान्यवरांचे शुभसंदेश आणि ठरलेली प्रकरणे : बालपण आणि संघर्ष, यशस्वी उद्योजक, क्रीडाप्रेमी, दानशूर. या रचनेची खुबी अशी की एका प्रकरणातला माणूस दुसऱ्या प्रकरणातल्या माणसाला ओळखत नाही. उद्योजकाने काय केले हे क्रीडाप्रेमीला विचारायचे नसते.

ही रचना किती सोयीची असते हे अमेरिकेतील डेल वेब या कंत्राटदाराचे आयुष्य वाचताना आम्हांस जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते. म्हणून प्रथम गौरवग्रंथाच्याच रीतीने ते मांडतो.

वेबचा जन्म १८९९ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झाला. शाळा अर्ध्यावर सुटली आणि तो सुतारकामाला लागला. बेसबॉलचा मात्र विलक्षण नाद. अर्धव्यावसायिक संघांतून तो चेंडूफेक करीत असे. अठ्ठाविसाव्या वर्षी विषमज्वराने त्याला अंथरुणाला खिळवले आणि खेळाडू होण्याचे स्वप्न संपले. प्रकृती सुधारावी म्हणून तो ॲरिझोनातील कोरड्या हवेच्या फीनिक्स शहरात आला आणि तेथे त्याने बांधकामाचा व्यवसाय उभारला. जानेवारी १९४५ मध्ये डॅन टॉपिंग आणि लॅरी मॅकफेल या दोघांच्या भागीदारीत त्याने न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ २८ लाख डॉलरना विकत घेतला. त्या किमतीत यांकी स्टेडियम आणि नव्या खेळाडूंची जोपासना करणारे दुय्यम संघही आले. १९४७ साली मॅकफेल बाहेर पडला आणि वेब व टॉपिंग असे दोघेच मालक उरले. १९६४ पर्यंतच्या काळात या संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद १५ वेळा आणि जागतिक मालिका १० वेळा जिंकली. त्याच वर्षी संघाचा ८० टक्के हिस्सा सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी १२ लाख डॉलरना घेतला. मधल्या काळात, १ जानेवारी १९६० रोजी, फीनिक्सजवळच्या कापसाच्या शेतांच्या जागी वेबने सन सिटी ही निवृत्तांची वसाहत उघडली. पहिल्याच दोन-तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली. १९६२ साली टाइम साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. १९७४ मध्ये तो वारला.

हे सारे खरे आहे. आता प्रकरणांच्या भिंती काढून केवळ सनावळी लावून पाहावी.

फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडायला लावण्यात आले. सुमारे १ लाख २० हजार माणसे. त्यांतली बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांच्यासाठी ज्या छावण्या उभारल्या गेल्या त्यांपैकी ॲरिझोनातील पोस्टन येथील छावणीचे काम वेबच्या कंपनीने केले. ती जागा कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातली होती. त्यांच्या परिषदेने विरोध केला. आपल्या लोकांवर जे ओढवले तेच दुसऱ्यांवर आणण्यात आपण सामील होणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तो विरोध बाजूस सारण्यात आला. मार्चअखेरीस काम सुरू झाले आणि पाच हजार कामगारांनी तीन आठवड्यांच्या आत पहिल्या छावणीच्या बराकी उभ्या केल्या. पुढे तेथील वस्ती १७ हजारांवर गेली. भोवती वाळवंट असे होते की टेहळणीचे मनोरे बांधण्याचीही गरज भासली नाही. त्या बराकींत राहणारी मुले आणि तरुण बेसबॉल खेळत; छावणीत संघ होते, सामने होत. वेब यांकीजचा मालक झाला तेव्हा ती छावणी भरलेली होती. ती रिकामी झाली १९४५ च्या अखेरीस.

आमच्या मते हा योगायोग नव्हे, आणि कारस्थानही नव्हे. लष्कराने काम दिले, कंत्राटदाराने मुदतीत पुरे केले. त्याच सुमारास लास व्हेगासमध्ये बग्झी सीगल या गुंडाला फ्लेमिंगो हॉटेल हवे होते. तेही वेबच्याच कंपनीने बांधले. गिऱ्हाईक सरकार असो वा गुन्हेगार, आराखडा हाती येतो आणि काम सुरू होते. कंत्राटदाराचे नीतिशास्त्र एका शब्दात मावते : मुदत. आत कोण राहणार आणि स्वखुशीने राहणार की नाही, हा प्रश्न आराखड्यात नसतो.

संघाचा मालक झाल्यावर हा माणूस निराळा झाला का? तसे दिसत नाही. डिसेंबर १९५३ मध्ये वेब आणि टॉपिंग यांनी यांकी स्टेडियम आणि कॅन्सस सिटीतील आपले मैदान ६५ लाख डॉलरना आर्नल्ड जॉन्सन या उद्योजकाला विकले आणि यांकी स्टेडियम स्वतःच भाड्याने घेतले. पुढे जॉन्सनने ॲथलेटिक्स हा संघ घेऊन तो कॅन्सस सिटीत नेला, तेव्हा तेथील मैदान वाढवण्याचे काम वेबच्या कंपनीला मिळाले. त्यानंतर ॲथलेटिक्सचे गुणी खेळाडू एकामागून एक यांकीजकडे येऊ लागले. १९६१ च्या हंगामात ६१ होमरनचा विक्रम करणारा रॉजर मॅरिसही १९५९ च्या डिसेंबरात तेथूनच आला. विक्रेता, भाडेकरू, कंत्राटदार आणि प्रतिस्पर्धी अशी चार नाती दोन संघांत असताना सामना नेमका कोणाकोणात होतो, असा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकांनाही पडला होता.

आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न मैदानावरही होताच. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला. यांकीजच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, आला तो १९५५ मध्ये. याचा दोष एकट्या वेबला देणे न्याय्य होणार नाही. टॉपिंग बरोबरीचा मालक होता, आणि खेळाडूंचा कारभार जॉर्ज वाइस या व्यवस्थापकाच्या हाती होता. पण आठ वर्षे हा विलंब दोन्ही मालकांना चालला, एवढे तर खरेच.

सर्वांत बोलके वर्ष १९६०. जानेवारीत सन सिटी उघडली. घरातील निदान एक माणूस पन्नाशीचा हवा, मुलांनी तेथे कायमचे राहायचे नाही, असा तिचा नियम. निवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे अडगळ नव्हे, तो जगण्याचा नवा हंगाम आहे, असे वेबची कंपनी देशाला सांगत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात यांकीज जागतिक मालिका हरले आणि प्रशिक्षक केसी स्टेंगेल यांना संघातून काढण्यात आले. बारा वर्षांत दहा वेळा लीगचे अजिंक्यपद आणि सात वेळा जागतिक मालिका मिळवून देणाऱ्या या माणसाने जुलैत सत्तरी गाठली होती. आता तरुण माणसे हवीत, असे कारण देण्यात आले. वृद्धत्व विकणारा आणि वृद्धत्वाला घरी बसवणारा मालक एकच. स्टेंगेल मात्र सन सिटीसारख्या वसाहतीत स्वस्थ बसले नाहीत. १९६२ पासून ते न्यूयॉर्कच्याच मेट्स या नव्या संघाचे प्रशिक्षक झाले.

हा सारा खटाटोप आम्ही का केला, तेही सांगितले पाहिजे. आमच्या भागातील एका बांधकाम व्यावसायिकाने क्रिकेटचा एक संघ घेतला आहे, आणि त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथासाठी ‘क्रीडाप्रेमी’ हे प्रकरण आम्ही दोघांनी लिहावे अशी विनंती आली आहे. मराठीच्या प्राध्यापकाकडे अशी कामे येतच असतात. त्या गृहस्थांविषयी आमची काहीही तक्रार नाही. खेळावरचे त्यांचे प्रेम खरे आहे, जसे वेबचेही खरे होते. आम्ही कळवले आहे ते इतकेच : लिहू, पण एक प्रकरण नव्हे. त्यांनी काय काय बांधले, कोणाच्या जागेवर, कोणासाठी, आणि तेथे पूर्वी राहणारे आता कोठे आहेत, हे खेळाच्याच ओघात लिहिता येणार असेल तर लिहू. उत्तर अजून आलेले नाही. येईल असे आम्ही गृहीत धरलेले नाही. विद्यार्थ्यांना चरित्राची व्याख्या सांगताना ‘समग्र माणूस’ हा शब्दप्रयोग आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. तो बाहेर वापरायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

पोस्टनविषयी एक गोष्ट राहिली. छावणीत मुलांसाठी शाळा नव्हती, तेव्हा बंदिवासातील लोकांनी तेथल्याच मातीच्या विटा पाडून शाळेच्या इमारती बांधल्या. तीन आठवड्यांत उभ्या राहिलेल्या बराकी युद्धानंतर बहुतेक मोडल्या किंवा हलवल्या गेल्या. १९८८ साली अमेरिकी सरकारने कायदा करून हयात असलेल्या बंदिवानांची क्षमा मागितली आणि प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाई दिली; वेबला जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. मातीच्या त्या शाळेची पडझड झाली आहे, पण राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपली जाते ती तीच. तिच्या बांधकामाला मुदत कोणी घातली नव्हती, आणि आत कोण बसणार आहे हे विटा पाडणाऱ्यांना ठाऊक होते.