वजन उतरल्यावर पुढे काय?

वजन कसं कमी करावं यावर लिहिलेलं ढिगाने सापडतं. डाएट, उपास, दिवसातून दोनदाच जेवणं, रोज संध्याकाळी मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत चालणं... पण ते उतरल्यावर पुढे काय, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज त्याबद्दल थोडं.

माझा हिशोब असा: चार वर्षांत ९४ चे ६८ किलो. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे बीएमआय २२.८. कागदावर सगळं झकास! "काय रे, अर्धा झालास की!" हे अर्ध्या रत्नागिरीकडून ऐकून झालं. पण गॅसचं भरलेलं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर नेताना मध्ये दोनदा टेकवावं लागायचं. गंमत म्हणजे ते असतं तीसेक किलोचं, जवळपास मी उतरवलं तेवढंच.

कारण सोपं आहे. वजन घटतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. ताकदीचा व्यायाम नसेल तर ढोबळमानाने पाव हिस्सा त्यांचाच. काट्याला यातला फरक कळत नाही.

यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन यूडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो आणि आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? यूडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! यूडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ती गाठणं, हेही त्यांनीच गमतीने लिहून ठेवलंय. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. मधुमेहाचा धोका त्यातूनच वाढतो, कारण जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर उचलतात ते स्नायू.

हे वाचताना मला बाबा दिसत होते. आयुष्यभर सडपातळ, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस.

तर मग जिम. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्रेस, आणि दर वेळी जमेल तसं थोडं जास्त वजन. पहिले काही आठवडे ताकद भराभर वाढते, पण ती मुख्यतः मेंदू आणि नसा सरावतात म्हणून. स्नायू दिसायला महिने लागतात. हे माहीत नसलं की लोक दुसऱ्या महिन्यातच कंटाळतात.

प्रोटीन किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे मला रोज ११० च्या आसपास. वरणभातावर ते जमणं कठीण. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम, एका अंड्यात सहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कुळीथ आहेतच, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये बावीसेक ग्रॅम. फक्त पिठी पातळ नको, नाहीतर वाटीत पाणीच जास्त!

पण खरी अडचण ताटातली नाही, डोक्यातली आहे. चार वर्षं ज्याने प्रत्येक पोळी मोजली, त्याला 'आता अडीचशे-तीनशे कॅलरी जास्त खा' म्हणणं सोपं आहे हो! पहिल्या महिन्यात काटा दीड किलो वर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. आईने विचारलंच, "पुन्हा सुटायला लागलास की काय?" त्या रात्री दुसरी पोळी घेताना हात खरंच अडला. पण घेतली.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मोजायचे आकडे बदलणं. वजन आठवड्यातून एकदाच. त्याशेजारी कंबरेचा घेर आणि किती किलो उचलले ते. वजन वर, कंबर तिथेच, बारवरचं वजन वाढतंय... म्हणजे गाडी रुळावर आहे. सहा महिन्यांत मी ७१ किलोचा झालो, कंबर अर्धा इंचच वाढली, आणि डेडलिफ्ट ४० वरून ९० किलोवर गेली.

एक भर पडली ती वेगळीच. डॉक्टरांना विचारून बाबांनीही सुरुवात केलीये. रोज सकाळी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. गेल्या आठवड्यापासून बारा.