शेजारच्या नटाचं दुखणं

गाळप हंगाम संपला की बॉयलर हाऊसमध्ये उघडझाक सुरू व्हायची. मी तेव्हा साखर कारखान्यात शिकाऊ फिटर. बॉयलरला पाणी देणारा वाफेवरचा डुप्लेक्स, म्हणजे दोन सिलिंडरांचा, पंप हंगामभर लंगडत होता. उजवा दांडा पूर्ण जायचा, डावा अर्ध्यातून परतायचा. मिस्त्रींनी तो माझ्या गळ्यात घातला.

वाफपेटीचं झाकण काढलं की उपड्या वाटीसारखी बिडाची झडप दिसते. सपाट बैठकीवर ती मागेपुढे सरकते. एका टोकाचं तोंड उघडं पडून वाफ सिलिंडरात शिरते आणि दुसऱ्या टोकाची वापरलेली वाफ वाटीच्या पोकळीतून बाहेर जाते. विल्यम मर्डॉकने १७९९ मध्ये अशा सरकत्या झडपेचं पेटंट घेतलं होतं. मूळ कल्पना अजून तीच. पाठीवरची वाफच झडपेला बैठकीवर दाबून धरते, पण झीजही त्याच दाबाने होते. आमच्या झडपेवर नख अडकेल एवढे चर पडले होते.

ते चर घालवायला तेलात कालवलेला शेंदूर सरफेस प्लेटवर फासायचा, त्यावर झडप फिरवायची, लाल लागेल तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवड. फार कंटाळवाणं काम, हात भरून यायचे.

झडपा गुळगुळीत झाल्या तरी लंगडेपण राहिलंच असतं. या पंपात एका बाजूचा दांडा लिव्हरने दुसऱ्या बाजूची झडप हलवतो, आणि झडप सरकण्याआधी नटापाशी थोडी ढील ठेवलेली असते. मी डाव्या पेटीतला नट धरला, तर मिस्त्री म्हणाले, "तो नाही रे, उजवीकडचा बघ." उजव्या झडपेची ढील कमी झाली होती. त्यामुळे त्या सिलिंडरला वाफ लवकर मिळे, उजवा दांडा आधीच निघे आणि डाव्याला अर्ध्यातून मागे फिरवे. दोन्ही दांडे मध्यावर आणून, झडपा मध्यावर धरून, नटाच्या दोन्ही अंगांना सारखी ढील ठेवली.

झाकण बसवण्याआधी मिस्त्रींनी एक झडप बोटाने बाजूला सारली. दोन्ही मध्यावर राहिल्या तर सगळी तोंडं झाकलेली, वाफ सोडूनही पंप हलत नाही.

ड्रेन कॉक उघडे ठेवून वाफ सोडली. आधी गरम पाणी थुंकलं, मग दोन्ही दांडे टोकापर्यंत जाऊ लागले. पुढे विजेचे पंप आले, तरी हा राखीव म्हणून राहिला. वीज गेली तरी बॉयलरमध्ये वाफ असेतो तो पाणी देतो.