घाटावरच्या राज्याचे समुद्रगमन

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही मराठा आरमाराचा इतिहास हा मुलूख वगळून लिहिता येत नाही. कारण १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्रे यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले आणि त्यांचे 'सरखेल' हे पद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, मान्य झाले, तेव्हा त्या आरमाराचा धनी साताऱ्यात होता. त्याआधी जावळीच्या जंगलात प्रतापगड उभारणाऱ्या शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि पुढच्याच फेब्रुवारीत ते स्वतः जहाजावर चढून बसरूरला गेले.

बसरूर हे कुंदापूरजवळच्या खाडीतले श्रीमंत बंदर मालवणहून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. इंग्रजांच्या कागदांत या ताफ्यात ८५ लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे असल्याची नोंद आहे. मोहिमेचे वर्णन करताना लुटीचा हिशोब आवर्जून दिला जातो, वाऱ्याचा मात्र क्वचितच. वास्तविक शिडाच्या प्रवासात वाऱ्याचा हिशोब आधी मांडावा लागतो. माघ-फाल्गुनात या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तर दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, आणि तो दक्षिणेकडे जाणाऱ्या गलबताला पाठीशी मिळत असला तरी परतणाऱ्याच्या तोंडावर येतो. त्यामुळे उत्तरेकडे येताना पहाटेच्या मतलईवर जमेल तेवढे अंतर काटावे आणि दुपारी नागमोडी वाटेने वारा कापत राहावे, नाहीतर आडोशाला नांगर टाकावा, एवढेच नाखव्याच्या हाती उरते.

परतीच्या वाटेवर महाराज गोकर्णाला उतरले आणि चार हजार पायदळासह अंकोल्याकडे निघाले. वारा हेच त्याचे कारण असे कागद सांगत नाहीत, पण तो सोयीचा नव्हता हे उघड आहे. कारवारला विजापूरचा सरदार शेरखान आडवा आल्याने खंडणीवर भागवावे लागले, आणि त्याने आपली शिमग्याची शिकार बिघडवली ही महाराजांची तक्रार इंग्रजांनी टिपून ठेवली.

उरलेला ताफा माघारी पाठवताना बारा गलबते मात्र मागे ठेवली होती, आणि तीही लढण्यासाठी नव्हे, तर वाटेतल्या नद्या उतरून जाण्यासाठी. गोकर्ण आणि अंकोल्याच्या मध्ये गंगावळी आडवी येते, कारवारपाशी काळी. आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला होण्याआधी सांगलीकरांना कृष्णेवर नावेची हीच गरज होती, आणि नाव नसेल तिथे गूळ आटवण्याची काहील पाण्यात लोटून माणसे पलीकडे गेलेली आहेत.