सिग्नल पडला

गाडीची वेळ झाली की फलाटावरची माणसे रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या उंच खांबाकडे पाहत. खांबावरचा लाल हात आडवा असेल, तर गाडीला अवकाश आहे. तो खाली झुकला, की ‘सिग्नल पडला’ असे म्हणत गाठोडी उचलली जात. आज बहुतेक स्थानकांवर त्या हातांच्या जागी रंगीत दिवे आले आहेत. शब्दप्रयोग मात्र मागे राहिला आहे.

उंचावरील हातांनी दूरवर निरोप देण्याची कल्पना रेल्वेहून जुनी आहे. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने 1794 साली पॅरिस ते लील या मार्गावर मनोऱ्यांची रांग उभारून ती प्रत्यक्षात आणली. पुढे ब्रिटनमधील रेल्वेने ती उचलली. भारतात 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि कालांतराने हे खांब येथल्याही स्थानकांची ओळख बनले.

या यंत्रणेत गुंतागुंत असली, तरी गूढ काही नव्हते. केबिनमधला कर्मचारी खटका ओढी. जमिनीलगत गेलेली लांब तार ताणली जाई आणि दूरवरचा हात हले. रुळांचे सांधे योग्य दिशेला बसल्याशिवाय सिग्नलचा खटका हलू नये, अशी अडसराची रचना खटक्यांमध्येच केलेली असे. तार तुटली, तर वजनाच्या योगाने हात आपोआप आडवा होई. शंका आली की गाडी थांबली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार सहज सुचलेला नाही. इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे 21 जानेवारी 1876 रोजी बर्फामुळे सिग्नलचे हात झुकलेल्या स्थितीतच अडकून राहिले. ‘थांबा’ म्हणणारा सिग्नल ‘या’ म्हणत राहिला आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर सिग्नल एरवी आडवाच ठेवावा, मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच तो पाडावा, असा शिरस्ता पडला.

एकेरी मार्गावर आणखी एक युक्ती होती. दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्यावरच अलीकडच्या यंत्रातून पोलादी गोळा बाहेर निघे. वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो चालकाच्या हाती जाई. हा गोळा म्हणजे पुढच्या मार्गाचा परवाना. एक गोळा बाहेर असताना त्या टप्प्यासाठी दुसरा निघत नसे. म्हणून समोरासमोर दोन गाड्या येण्याचा धोका टळे. एका माणसाच्या मर्जीवर काही चालत नसे. दोघांचे एकमत लागे.

रेल्वेची छायाचित्रे काढणाऱ्यांचे लक्ष साहजिकच इंजिनाकडे जाते. परंतु काही छायाचित्रकारांनी रुळांच्या कडेलाही नजर वळवली. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी 1955 ते 1960 या काळात एका रेल्वेमार्गावरील अखेरची वाफेची इंजिने टिपली. रात्रीच्या अंधारात दिव्यांची मोठी मांडणी करून त्यांनी इंजिनांबरोबर तेथील कामगार आणि आसपासचे जीवनही चित्रबद्ध केले. भारतातही हौशी मंडळी रीतसर परवानगी घेऊन, रुळांपासून सुरक्षित अंतर राखून, सिग्नलचे खांब आणि झिजलेले खटके टिपत आली आहेत.

अशी छायाचित्रे नीट पाहिली, तर ती बोलू लागतात. दिवसा घेतलेल्या रंगीत चित्रात सिग्नलची ‘हिरवी’ काच निळसर दिसते. रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीपुढे आल्यावर तिचा प्रकाश हिरवा दिसावा, म्हणून ती तशी केलेली असे. तो दिवा तयार ठेवण्यासाठी कोणी तरी खांबावर चढत असे. खटक्याची गुळगुळीत मूठ कित्येक हातांचा स्पर्श सांगते. यंत्र मोडीत निघते, पद रद्द होते. पण त्या श्रमांची साक्ष चित्रात उरते.

आज विजेवर चालणाऱ्या यंत्रणांनी काम वेगवान आणि पुष्कळ सुरक्षित केले आहे. तरीही 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात सिग्नलने मुख्य मार्ग दाखवला आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. 290 हून अधिक माणसे प्राणांना मुकली. पूर्वी कधी तरी केलेल्या विद्युतजोडणीच्या कामातील चुका चौकशीत पुढे आल्या.

खटका गेला, तार गेली. जबाबदारी गेलेली नाही. ती आता जोडणी करणाऱ्याच्या आणि ती तपासणाऱ्याच्या हातात आहे. हे हात प्रवाशांना पूर्वीही दिसत नव्हते आणि आजही दिसत नाहीत; पण डब्यात निश्चिंत झोपलेला प्रत्येक प्रवासी त्यांच्याच भरवशावर असतो.