वाट आणि आठवण

उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक तारा उतरवताना आमचं सगळं लक्ष कानांत असतं. तार रोज थोडीशीच खाली न्यायची. स्पीकरवर आधी नुसती खरखर, आणि एके दिवशी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे वाट आणि आठवण सांभाळणाऱ्या भागाच्या, पेशींची टकटक ऐकू येते. उंदीर दाणे टिपत हिंडतो. एक पेशी ठरावीक कोपऱ्यातच बोलते, दुसरी भिंतीलगत. या स्थान-पेशी जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी १९७१ मध्ये प्रथम नोंदवल्या.

पण पेशीला जागा कळते कशावरून? म्युलर आणि क्युबी या संशोधकांनी १९८७ मध्ये गोल रिंगणाच्या भिंतीवरचं पांढरं कार्ड पाव फेरा सरकवलं, तर पेशींच्या जागाही तेवढ्याच सरकल्या. कोराडीत वाढलेल्या मला हे लगेच पटलं. वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात, त्यांवरून आम्ही दिशा धरतो. नेमकं ठिकाण मात्र जगदंबेचं मंदिर, तलावाचा काठ अशा जवळच्या खुणा सांगतात.

मेंदू अशा जवळच्या वस्तू कशा टिपतो, याचा शोध मेंदूसंशोधक सचिन देशमुखांनी घेतला. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेल्या देशमुखांनी जेम्स निरिम यांच्यासोबत २०११ मध्ये दाखवलं, की हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या भागातल्या काही पेशी वस्तूंजवळ जाग्या होतात. २०१३ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या एका प्रयोगशाळेला त्याच भागात, वस्तू उचलून नेल्यावरही तिच्या जुन्या जागी बोलणाऱ्या पेशी आढळल्या. ‘पूर्वी चिंच होती ना, तिथून वळ,’ असं सांगणाऱ्या आजीचं बोलणं तेव्हापासून मी जास्त आदराने ऐकते. वाट ओळखणं आणि आठवण ठेवणं या दोन्ही कामांची मुळं मेंदूत एकमेकांत गुंतलेली आहेत.

अल्झायमरमध्ये सर्वांत आधी पोखरल्या जाणाऱ्या भागांत हाच एन्टोरायनल कॉर्टेक्स असतो. म्हणून काहींना नावं आठवत असतानाच ओळखीचा रस्ता परका वाटू लागतो. गावी गेले की मी वडीलधाऱ्यांना विचारते, ‘मंदिरातून घरी कसे येता?’ खुणा आणि वळणं क्रमाने आली, की मला बरं वाटतं.

घरातलं कुणी रोजच्या वाटेवर वारंवार चुकू लागलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, रागावूही नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि विसरलेल्या नावांबरोबर चुकलेली वळणंही सांगा. आजाराची पहिली खबर कदाचित तीच देत असतील.