घनतेचा तास आणि रिजेक्ट माल

पुण्याकडून कोल्हापुरात येताना पंचगंगेचा पूल लागायच्या आधी शिरोली एमआयडीसी येते. फाउंड्र्या आणि मशिनशॉपची ही वसाहत. आसपासच्या शाळांतल्या बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) नाहीतर फेटलिंगला (ओतलेला माल साफ करायला) असतंच. वडिलांचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाला काळी वाळू बसते, हे या मुलांना शिकवावं लागत नाही.

अशाच एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी आठवीचा विज्ञानाचा तास पाहिला. विषय होता घनता.

तासाआधी बाईंनी टाचणवही पुढे केली. पाठ टाचण हा तसा शिक्षकांच्या जिवावर येणारा प्रकार. बी.एड.च्या सराव पाठांना रात्र रात्र जागून लिहिलेलं टाचण नोकरीत साहेबांच्या सहीपुरतं उरतं. बाईंच्या वहीत मात्र उद्दिष्टाखाली एकच ओळ होती : प्रत्येक गट वेड्यावाकड्या तुकड्याची घनता तराजू आणि मोजपात्र वापरून काढेल, उत्तर पाच टक्क्यांच्या आत यावं. रॉबर्ट मेगर या अमेरिकन अभ्यासकाने 1962 च्या पुस्तकात उद्दिष्टाकडून हेच मागितलं होतं. विद्यार्थी काय करून दाखवणार, कशाच्या मदतीने आणि कितपत बिनचूक? ‘घनतेची संकल्पना समजेल’ एवढंच लिहिलं, तर घंटा झाल्यावर ती समजली की नाही हे ओळखायचं कशावरून?

साहित्य त्यांनी नंतर ठरवलं. आपल्याकडे बहुतेकदा उलटं चालतं. प्रोजेक्टर आहे म्हणून चित्रफीत, तक्ता आहे म्हणून तक्ता. इथे हवं होतं ते पाण्यात बुडणारं, मोजपात्रात मावणारं आणि पट्टीने न मोजता येणारं काहीतरी. एका पालकाने मालकांना विचारून ते आणून दिलं : बिडाच्या रनरचे, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या भागाचे, तुकडे, फोडलेलं रिजेक्ट कास्टिंग, थोडं ॲल्युमिनियम. बाकी सगळं प्रयोगशाळेतलंच. कोल्हापूरला हे नवं नाही म्हणा. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने परिसरालाच वर्गात आणलं होतं.

गट कामाला लागले. तुकड्याचं वजन केलं, दोऱ्याला बांधून तो पाण्यात सोडला, पाणी किती चढलं ते वाचलं, मग भागाकार. एका गटाचं 360 ग्रॅमला 50 घनसेंमी, म्हणजे 7.2. बिडाची घनता साधारण तेवढीच असते. ॲल्युमिनियमवाले 2.7 च्या आसपास पोचले. दोरा हलवून बुडबुडे सोडवा, पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा, या सूचनासुद्धा टाचणात आधीच लिहिलेल्या होत्या.

एका गटाचं काही जुळेना. 345 ग्रॅम, 52 घनसेंमी, घनता 6.6. पुन्हा मोजलं, तरी तेच. बाईंनी प्रश्न सगळ्या वर्गापुढे टाकला, “वजन बरोबर, पाणी बरोबर. मग कमी कुठं पडतंय?”

कुजबुज झाली. मग एक मुलगा उठला. “बाई, आत ब्लो होल असणार. रिजेक्टचा माल आहे न्हवं त्यो!”

ओतकामात धातूत वायू अडकून राहिला की जी पोकळी होते, तो ब्लो होल. ती आत बंद असेल तर पाणी तिच्यात शिरत नाही. त्यामुळे आकारमान पुरतं मोजलं जातं आणि वस्तुमान कमी भरतं. बाईंनी लगेच हिशेब करायला लावला. 345 भागिले 7.2, म्हणजे जवळपास 48. तेव्हा चार घनसेंमी जागा रिकामी असायला हवी. तुकडा पुढे त्याच पालकांनी कापून आणला. आत बोराएवढी पोकळी निघाली आणि तो वर्गात हातोहात फिरला.

ब्लो होल टाचणात नव्हता. पण पाच टक्क्यांची अट होती, म्हणूनच 6.6 खटकलं. ती नसती तर ‘चालतंय की’ म्हणून सगळे पुढे गेले असते. आखीव टाचणाने तासातली गंमत जाते असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

शिरोलीतल्या कारखानदारांना एक विनंती. शाळेतून कुणी तुकडे मागायला आलं, तर चांगल्या मालाबरोबर एखादा रिजेक्टही द्या.